दगडाची निज

परांचीवर उकिडवं बसून तिने दगडाला नख लावलं, तशी तळहाताएवढी खपली सुटून तिच्या मांडीवर पडली. तिने ती चटकन रुमालात गुंडाळली, जणू वेस तिनेच फोडली होती.

हजार वर्षांची वेस. शेजारच्या दगडांच्या कडा अजून धारदार आणि मधले सात-आठ तेवढे कांद्यासारखे सुटत चाललेले. जुन्या इमारती राखायला शिकवणारे सर आणि त्यांचे विद्यार्थी महिनाभर डोकं खाजवत होते. कुणी धुराला दोष देई, कुणी थंडीला. परक्या देशातून शिकायला आलेली ती एकटीच. तिला कुणी काही विचारत नसे. सत्र संपल्यावर सर दोघांनाच पुढच्या कामाला ठेवणार होते. बाकीच्यांनी घरची वाट धरायची.

घरच्या पत्रात तिने वेशीचं चित्र काढून पाठवलं, दगडांवरच्या बारीक रेघांसकट. आप्पा, तिचे वडील, गवंडी होते. त्या काळी पत्राला जायला पंधरा दिवस, यायला पंधरा. उत्तर नेहमीसारखं धाकट्या काकांच्या अक्षरात आलं, खाली आप्पांचा निळा अंगठा.

"मधले दगड उभे निजवलेत," आप्पांनी लिहवून घेतलं होतं. "खाणीत दगड आडवा निजलेला असतो, थरावर थर. भिंतीतही त्याला तसाच निजवायचा. उभा केला की पाणी आत शिरतं आणि पानं सुटतात. मागाहून कुणीतरी घाईत डागडुजी केली असणार. जेवतेस ना वेळेवर?"

ती धावत वेशीवर गेली. रेघा उभ्याच होत्या.

तिने वर्गात सांगितलं तेव्हा सर स्वतः परांचीवर चढले. बराच वेळ भिंग लावून बसले. खाली आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. त्यांत एकीचे वडील न्यायाधीश, एकाचे आजोबा इथेच शिकवून गेलेले.

"कुणी नाही," ती म्हणाली. "बघता बघता लक्षात आलं."

जागा तिला मिळाली. घरी तसं कळवताना हात थांबला नाही, तिने पुढे लिहिलं, "सरांना तुमचं नाव सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं."

महिन्याने उत्तर आलं. आप्पांनी कामावर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मुकादम आता त्यांना 'या, परदेशचे साहेब' म्हणून हाक मारतो. आई म्हणते, यांचे पाय काही जमिनीला लागत नाहीत.

खाली अंगठा नव्हता. आधी पेन्सिलीने काढून वर शाईने गिरवलेलं आप्पांचं नाव होतं. अक्षरं सुटी सुटी, पण गवंड्याने दोरी लावल्यासारखी एका रेषेत. शेजारी काकांनी बारीक लिहिलं होतं: रोज जेवण झालं की आप्पा गिरवत बसतात. म्हणतात, सर पत्र बघायला मागतील, तेव्हा अंगठा बरा दिसणार नाही.

"घरचं पत्र?" सर दारात उभे होते, हातात वेशीबद्दलच्या लेखाचे छापायला जाणारे कागद. "सगळं ठीक ना?"

"हो. खुशाली आहे." तिचा तळवा पत्राच्या तळाशी गेला.

त्यांनी वरचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"तुझं नाव बरोबर लिहिलंय ना, तेवढं बघ."

तिने एकेक अक्षर बोट लावून पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.