बोर्ड लाल, प्रोसेसर निळा

भोंगा माझ्याशी बोलत नव्हता आणि मी भोंग्याशी. भोंगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. बाबा गाडी शिकवण्याचा क्लास चालवतात. हा जन्मला तेव्हा त्याचं पहिलं रडणं ऐकून त्यांनीच हे नाव ठेवलं, आणि त्यानं ते आजवर इमानेइतबारे सांभाळलंय.

अबोल्याचं कारण माझा लॅपटॉप. भोंग्यानं तो रजईवर ठेवला आणि दुपारभर राक्षस मारले. राक्षस मेले की नाही कुणास ठाऊक, लॅपटॉप मेला. नशीब, आतली डिस्क वाचली. तिच्यावर माझं मांजर होतं.

मांजर म्हणजे माझी परीक्षा. एका कार्टून स्टुडिओला घरी बसून काम करणारी माणसं हवी होती. 'एक मांजर बसायला खुर्ची निवडतंय' एवढ्यावर छोटीशी फिल्म करायची, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत स्टुडिओच्या बाईंना पाठवायची. अट अशी की मशीन स्वतःचं हवं, आणि फिल्मसोबत त्या मशीनचा फोटो द्यायचा. चित्रं काढून झाली होती. रंग भरून, जोडून, फिल्म बाहेर काढायची होती. आणि मशीनच नव्हतं.

बाबांनी निकाल दिला, "दोघांनी मिळून एकच कॉम्प्युटर घ्या. दिवसा तिचं कार्टून, नंतर तुझे राक्षस. आणि सुटे भाग आणून घरीच जोडा, स्वस्तात पडतं."

मग वाटण्या झाल्या. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क माझ्याकडे. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेट भोंग्याकडे. पॉवर सप्लाय बाबांनी स्वतःकडे घेतला आणि दुकानात एकेक हातात घेऊन भोपळ्यासारखा तोलून निवडला. "जड आहे. म्हणजे आत काहीतरी आहे."

राहिली आई. ती निरोप्या झाली. आई प्रसूतिगृहात नर्स आहे. आत कितीही आकांत चाललेला असो, बाहेर येऊन नातेवाइकांना "सगळं छान आहे हं" सांगायचं, यात तिची हयात गेली.

प्रोसेसरच्या दोन कंपन्या. डब्यांच्या रंगावरून आम्ही त्यांना लाल आणि निळी म्हणायचो. लालचा प्रोसेसर निळ्याच्या बोर्डात बसत नाही, निळ्याचा लालच्यात बसत नाही. सोयरिक जात बघून जुळवतात ना, त्याहून कडक प्रकार. मी लाल ठरवला आणि आईकरवी भोंग्याला कळवलं. ठरवला आणि लगेच फोन उघडला. 'हा घ्यायच्या आधी हे बघा' म्हणून एक व्हिडिओ बघितला. त्यातला दाढीवाला म्हणाला, लाल घ्या. दुसरा बिनदाढीचा म्हणाला, लाल घेणारे रडतील. तिसरा म्हणाला, थोडं थांबा, नवीन येतोय. मांजराला थांबायला वेळ नव्हता. जेवताना बघितलं, दात घासताना बघितलं, बँकेच्या रांगेत बघितलं आणि माझा नंबर गेला. लाल मागवला, रद्द केला, परत मागवला, परत रद्द केला. दुकानदारानं फोन करून विचारलं, "ताई, बरं वाटतंय ना?"

शेवटी निळा घेतला आणि आईला सांगितलं, "त्याला सांग, मी लाल सोडून निळा घेतलाय. बोर्ड निळ्याचा आण म्हणावं."

आई भोंग्याच्या खोलीत गेली. आतून आवाज आला, शब्द कळले नाहीत. आई बाहेर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चालेल म्हणाला. ताईची निवड उत्तम असते म्हणाला."

मला तिथंच संशय यायला हवा होता. भोंग्यानं उभ्या आयुष्यात माझ्या कशालाही उत्तम म्हटलेलं नाही.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळे भाग मांडले. बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. मी खोक्यातून प्रोसेसर काढला, बोर्डावरची झडप उघडली आणि ठेवला. बसेना. फिरवला. बसेना.

"दाब जरा," बाबा म्हणाले.

"दाबायचं नसतं बाबा! आई, त्याला विचार, हा कसला बोर्ड आणलाय?"

भोंगा हातभर अंतरावर उभा होता. तरी आईनं त्याच्याकडे वळून विचारलं, "अरे, ताई म्हणतेय, बोर्ड किती सुंदर आहे, कुठला रे?"

"आई!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. तीन आठवड्यांत आम्ही पहिल्यांदाच एकत्र काही केलं असेल.

"लालचा आहे!" भोंगा थेट माझ्यावर फुटला. "तूच लाल सांगितलंस ना!"

"मग निळा केला म्हणून निरोप पाठवला! तू म्हणालास, चालेल, निवड उत्तम!"

"मी? मी म्हणालो, त्या येडीला सांग, माझा बोर्ड आणून झालाय, खोकं फोडलंय, आता निळ्याचं नाव काढलंस तर दोन्ही खिडकीतून फेकीन!"

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं.

"आणि मला तू येऊन सांगितलंस," भोंगा आईला म्हणाला, "ताई म्हणाली, सॉरी, तू म्हणशील तसं."

"मी सॉरी म्हणाले? मी?"

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," भोंगा पुटपुटला.

"भांडाल म्हणून गोड केलं थोडं," आई म्हणाली. "वॉर्डात चालतं."

"वॉर्डात मूल कसंही बाहेर येतंच गं आई! हा प्रोसेसर आत जात नाहीये!"

घड्याळात साडेतीन. स्टुडिओच्या बाई, खुर्च्या, मांजर, सगळं डोक्यात गरगरत होतं. भोंग्यानं खोकी उचलली, न फोडलेलं कॅबिनेटचंही. "चल. दुकान चारच्या पुढं कधीही बंद करतो तो."

घरात वाहन एकच, बाबांच्या क्लासची गाडी. टपावर 'शिकाऊ' असा भलामोठा फलक, आणि बाबांच्या बाजूलाही एक ब्रेक. भोंगा चालवायला बसला, बाबा शेजारी, मी मागे मांडीवर खोकी घेऊन. भोंग्यानं जरा वेग घेतला की बाबांचा पाय आपोआप खाली जायचा आणि गाडी गचकन थांबायची.

"बाबा, पाय काढा!"

"मी दाबत नाही. तो दाबला जातो. आरसा बघितलास?"

मागून सगळी दुनिया हॉर्न वाजवत होती. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना भोंग्याला धीर देऊन गेला, "हळूहळू येईल हो."

दुकानदार शटर अर्धं ओढून उभा होता. मला बघितल्यावर त्याचा हात शटरवरून खाली आलाच नाही. "आता काय रद्द करायचंय?"

"बोर्ड बदलायचाय. निळ्याचा द्या."

"खोकं फोडलंय. अर्ध्या किमतीत परत घेईन. वरचा फरक भरा."

फरक कुणाकडे होता? सगळं भागांत गेलं होतं. मी प्रोसेसर पुढं केला, "हा परत घ्या, लाल द्या."

"याचं सील तोडलंत. शिवाय लाल संपले. कालच एक बाई शेवटचा रद्द करून गेली, तो लगेच दुसऱ्यानं नेला."

ती बाई कोण, हे मी विचारलं नाही.

मी भोंग्याकडे बघितलं. त्याच्या कवेत त्याचं कॅबिनेट होतं. काचेचं, सात रंगांत लुकलुकणारं. त्याचे व्हिडिओ तो माझ्यासारखाच दात घासताना बघायचा. खोकं अजून फोडलेलं नव्हतं. त्यानं ते काउंटरवर आदळलं.

"हे परत घ्या."

"अरे, मग मशीन ठेवणार कशात?" मी म्हणाले.

"तुझ्या डोक्यात. जागा आहे तिथं." मग हळूच म्हणाला, "रजई माझी होती ना. गप बस."

घरी परतेपर्यंत पाच वाजत आले. येताना बाबांनी स्वतःहून पाय सीटवर मांडी घालून बांधून ठेवले. कॅबिनेट नव्हतं, म्हणून बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोर्ड ठेवला. प्रोसेसर अलगद, न बोलता बसला. आमच्या घरात न बोलता बसणारा तो पहिलाच. ग्राफिक्स कार्ड खाली वाकायला लागलं, त्याला आईनं मसाल्याची रिकामी डबी टेकू दिली. चालू करायचं बटण कॅबिनेटबरोबर गेलं होतं, तर भोंग्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना लावलं. पंखा फिरला. बाबांनी टेबलाखाली पाय दाबला.

"कुणी शिंकायचं नाही," भोंगा म्हणाला.

रंग भरले, चित्रं जोडली. जोडलेल्या टीव्हीच्या पडद्यावर फिल्म बाहेर निघत असल्याची पट्टी सरकायला लागली. मी उठत होते, बसत होते, परत उठत होते. भोंगा वहीनं पंख्यावर वारा घालत होता, म्हणजे पंख्यालाच वारा. पडद्यावरचं मांजर एका खुर्चीवरून दुसरीवर उड्या मारत होतं. मला ते जरा जास्तच ओळखीचं वाटलं. सहाला थोडं कमी असताना फिल्म गेली. मागोमाग फोटो: पुठ्ठा, डबी, लोंबत्या तारा, आणि कोपऱ्यात आईचा अर्धा खांदा.

मग वाट बघणं. फोन माझ्या हातात, खिशात, टेबलावर, परत हातात. शेवटी आईनं तो काढून घेतला. तेवढ्यात तो वाजला. आईनं चष्मा लावला, वाचलं आणि पदर सारखा केला.

"छान म्हणाल्या हं. सगळं छान आहे."

भोंग्यानं आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"आई," भोंगा म्हणाला, "जसं आहे तसं वाच. शब्दन् शब्द."

आईनं घसा साफ केला. "'मांजर पसंत आहे. सोमवारपासून काम सुरू करा.'"

मी खुर्चीत धपकन बसले. बाबांनी ब्रेक लावला.

"पुढं?" भोंगा म्हणाला. "पुढं काहीतरी आहे, तू अंगठ्यानं झाकलंयस."

"ते महत्त्वाचं नाही."

"आई!"

आईनं नाइलाजानं अंगठा काढला. "'आधी त्या मशीनला कपडे घाला.'"

भोंगा इतका मोठ्यानं हसला की डबी सरकली आणि कार्ड लटपटलं. मी ते धरलं, त्यानं डबी लावली.

"पहिल्या पगारात तुझं काचेचंच घेऊ," मी म्हणाले.

"घेऊ. पण काचेत गरम होतं म्हणे," तो म्हणाला, आणि फोन काढला. "हा दाढीवाला काय म्हणतो बघ. थांब, हा दुसरा आधी बघू."

मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली.