भिंतीला लागलेले कण

"म्हशीवानी फुरफुरायलंय सकाळपासून," माय संघप्रियाच्या कानाशीच पुटपुटली, लॅपटॉपच्या पंख्याला उद्देशून, आणि तुरीच्या शेंगा सोलायला तिथंच बसली. तिची नजर पडद्यावरच्या एका निळ्या ठिपक्यावर होती — झोतातून जरासा बाजूला गेलेला, सरकत सरकत तारेच्या गुंडाळीला टेकलेला, आणि मग... विझला नाही, पडला नाही. नुसता नाहीसा.

चूक तिचीच होती. पडद्यावरची ही ट्यूब उपग्रहात बसणारी, वीतभर लांबीची. एका टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो, गुंडाळीच्या पोकळीतून धावतो, आणि धावता धावता आपला जोर तारेवरच्या संदेशाच्या अशक्त लहरीला देत जातो. लहर मोठी होते, झोत थकतो — घरोघरच्या बायांना हे वेगळं समजवावं लागणार नाही, पण अहवालात तसं लिहिता येत नाही. खरी ट्यूब करण्याआधी तो झोत संगणकात पळवून पाहायचा, हे तिचं काम. पिंगळीतल्या याच खोलीत, पुस्तकं मागवून मागवून शिकलेलं. भिंतीला, म्हणजे त्या गुंडाळीला, लागलेले झोतातले कण पुसून टाक, असं तिनं संगणकाला सांगितलं होतं — तसं सगळेच सांगतात — पण त्यांची नोंद ठेव, हे सांगायचं राहिलं. मग उरलेल्यांतले किती दुसऱ्या टोकाला पोहोचले, एवढंच मोजलं गेलं. उरलेले सगळे पोहोचले होते. बेंगळुरूला खरी ट्यूब केली तेव्हा तार जळाली. तिथले साहेब रागावले नाहीत, फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, बाकीचे गेले कुठं?"

आज नोंद चालू होती. गुंडाळीच्या एकाच वळणावर लाल डाग दाट होत चालला होता... सगळे तिथंच लागत होते, पहिल्यापासून, आणि अहवालात आपण झोताची किती सरळ रेघ काढून दिली होती —

स्टेशनाकडून गाडी गेली. मायचे हात थांबले, गाडी गेल्यावर पुन्हा चालू झाले. चार वर्षं असंच. धाकटा भाऊ नागसेन बाबांशी भांडून निघून गेला, आठ दिवसांनी रुळाजवळ सापडलेला एक माणूस ओळखायला पोलिसांनी बाबांना परभणीच्या दवाखान्यात नेलं. बाबा परत आले, पाय धुतले, "आपला न्हाई" म्हणाले आणि चहा मागितला. ज्यांना कुणीच ओळखत नाही त्यांचं पुढं काय करतात, हे तिनं एकदा संगणकावर शोधलं होतं, आणि उत्तर यायच्या आत बंद केलं होतं. मी, एकेका कणाच्या मागं लागणारी — मी विचारलं नाही. नागसेन पुण्यात असंल, असं माय म्हणायची. मी हो म्हणायची.

बाबा आले. एरवी गावात ताठ चालणारे किशनराव गुरुजी, पण उंबऱ्यात चप्पल काढताना आज उगाच अवघडलेले.

"राशन दुकानातला बन्सीधर म्हणतोय, राशनकार्डावरल्या सगळ्यांचे अंगठे पायजेत. ज्याचा न्हाई, त्याचं नाव उडतंय."

"पोरगं बाहेरगावी हाय म्हणावं की," माय म्हणाली.

"म्हणलो. तर म्हणतो, गुरुजी, असंल तिथल्या दुकानात देऊ द्या. देशात कुठंबी चालतंय अंगठा."

देशात कुठंबी. बाबा खुंटीला टोपी अडकवत राहिले. खुंटी जणू सापडत नव्हती. आता कुणीतरी म्हणेल, बघू, अजून मुदत हाय, आणि जेवायला बसू... तिला ते वाक्य ऐकायचं नव्हतं. पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं. आवाज तिचा नव्हता. साहेबांचा होता, न रागावलेला.

"बाबा, त्या दिवशी दवाखान्यात त्या माणसावरची चादर कुठवर काढली होती?"

टोपी खाली पडली. कुणी उचलली नाही.

"सगळी," बाबा म्हणाले.

एवढंच. तिला कळलं की याच्या पुढचं आपल्यालाच नको आहे. विचारून झालं तरी नको आहे. छातीत चार वर्षांचं काहीतरी घट्ट धरलेलं होतं, ते सुटत नव्हतं, फक्त कुठं धरलंय ते पहिल्यांदा समजत होतं.

मायनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"तो नागसेनच होता," ती म्हणाली. "दुसऱ्याचं लेकरू असतं, तर तुमी चहा मागितला नसता, रडत घरी आला असता."