धाकटी झाली तेव्हापासून

घरात माणसं सहा आणि संडास एकच. म्हणून सगळ्यांच्या आधी उठायचं आणि गुपचूप उरकून घ्यायचं, ही तिची वर्षानुवर्षांची रीत. त्या दिवशी नेमका उशीर झाला. आत ती ओठ दातांखाली दाबून बसली होती आणि बाहेरून दिराने दार वाजवलं.

"वहिनी, आतच संसार थाटलात की काय?"

बाहेर हशा पिकला. सासूबाई हसल्या, नवरा हसला, धाकटी मुलगीही हसली. दार उघडून बाहेर येताना ती स्वतःही हसली. त्याआधी तिने बादलीभर पाणी ओतून फरशीवरचं रक्त धुऊन काढलं होतं.

कपडे शिवायच्या कारखान्यात ती कॉलर जोडायच्या मशीनवर बसे. हात चपळ, शिलाई सरळ. पण बसायची मात्र एका अंगावर भार टाकून. त्यामुळे कारखान्यात तिचं नावच पडलं होतं 'तिरकी'. डबा ती अर्धा परत नेई. कमी खाल्लं की कमी जावं लागतं, हा तिचा तिनेच काढलेला उपाय. त्याने दुखणं वाढतच होतं, पण हे तिला सांगणार कोण? आधी कुणी विचारायला तर हवं!

त्या दुपारी ती मशीनवरच कोसळली. साडीवरचं रक्त पाहून उचलणाऱ्या बायकांना वाटलं, पाळी असेल. इस्पितळात नेल्यावर कळलं की अंगात रक्तच उरलेलं नाही. आधी रक्त चढवलं. मग आतून दुर्बिणीने तपासणी झाली, दुसरं काही भयंकर नाही याची खात्री झाली आणि सर्जनसाहेबांनी नवऱ्याला बोलावलं. तिलाही चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, पण सगळं बोलणं झालं ते नवऱ्याशी.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बंद घड्याळ कानाशी धरून त्यात काय बिघडलंय ते सांगण्यात त्याचा हातखंडा.

"मूळव्याध फार पुढे गेलीय," सर्जन म्हणाले. "रबरी रिंग घालून आता भागणार नाही, ती सुरुवातीच्या दुखण्याला. दोन मार्ग आहेत. एक, कोंब कापून काढायचे. काही आठवडे चांगलंच दुखेल, शौचाला जाताना तर फारच. पण पुन्हा होण्याची शक्यता कमी. दुसरा मार्ग, स्टेपलरचा. आतला भाग वर ओढून पिना मारतात. दुखतं कमी, माणूस लवकर कामाला लागतो. पण पुन्हा उद्भवण्याची भीती जास्त, आणि यांचे बाहेरचे कोंब त्याने जाणार नाहीत."

"लवकर उभी राहील ते करा," नवरा म्हणाला. "घरात भावाचं लग्न आहे. ही आडवी पडलेली दिसली, की जो तो विचारणार, काय झालं म्हणून. काय सांगायचं लोकांना?"

"त्रास कधीपासून आहे?"

"झाला असेल महिनाभर."

सर्जनांनी तसं टिपून घेतलं. ती फरशीकडे बघत राहिली. तिला विचारलंच नव्हतं, तर ती बोलणार काय? आणि त्या परक्या पुरुषाने तपासताना जे पाहिलं होतं, त्यानंतर मान वर करायची तिची छाती नव्हती.

संध्याकाळी थोरली मुलगी कपडे घेऊन आली. वयात आलेली, शाळेच्या शेवटच्या वर्गातली. खाटेच्या कडेला बसून ती म्हणाली, "आजीने सांगितलंय, कुणी विचारलं तर पोटाचं ऑपरेशन म्हणायचं."

"हो, तसंच सांग."

पोरगी बराच वेळ टॉवेलची घडी मोडत आणि घालत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, मलाही येतं रक्त. कधी कधी. शाळेतल्या संडासात जायला नको वाटतं, म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही."

"अगं! मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठे कुणाला सांगितलंस? मी पाहिलं होतं रक्त, तुझ्यानंतर आत गेले होते तेव्हा. मला वाटलं, मोठं झालं की बायकांना असं होतंच."

आपण सोसत होतो तेव्हा निदान मुलींना काही कळत नाही, एवढंच समाधान आईला होतं. आणि पोरगी तर तिच्याकडे बघून सोसायलाच शिकली होती! ऑपरेशनच्या भीतीने एकदाही न रडलेली ती त्या संध्याकाळी मुलीचा हात धरून रडली.

दुसऱ्या दिवशी सर्जन आले. नवरा सही करायला पुढे झाला.

"थांबा," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "थांबा. डॉक्टर, महिनाभर नाही. धाकटी झाली तेव्हापासून आहे. ती आता सहावीत आहे."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. सर्जनांनी हातातला कागद खाली ठेवला आणि ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "कालच तुम्हाला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "चुकलंच माझं. बोला."

"दुखलं तर चालेल. दुखण्याची सवय आहे मला. पण पुन्हा नको. कापायचं ते करा. आणि माझ्या मुलीलाही तपासा."

"लग्नाचं काय?" नवरा पुटपुटला.

"लग्न दिराचं आहे. अंग माझं आहे."

सर्जन गेल्यावर नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला. "परक्या माणसासमोर लाज काढलीस माझी," तो म्हणाला.

"इतकी वर्षं ती माझ्या एकटीच्याच वाट्याला होती. थोडी तुम्हीही घ्या."

त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. दाराबाहेरचा हशा त्याला आठवला आणि त्यात आपला आवाज सगळ्यात मोठा होता, हेही आठवलं. तो तिच्या पायांशी येऊन बसला.

ऑपरेशन झालं. दुखलं, सांगितलं होतं त्याहून जास्त दुखलं. पहिल्यांदा शौचाला गेली तेव्हा ती ओरडली, आणि या खेपेला तिने ओठ दाबले नाहीत. थोरलीचं दुखणं सुरुवातीचं होतं. तिला भरपूर पाणी, पालेभाज्या आणि वेळच्या वेळी जाणं एवढंच सांगितलं होतं. घरी नवरा तिला बसायला टबात कोमट पाणी भरून देई. आरंभी आरंभी तो टब कुणाला दिसू नये म्हणून पंच्याखाली झाकून नेई. भावाने एकदा पाहिलंच. तो काही बोलणार, तोच नवरा म्हणाला, "हसायचं असेल तर आधी मला हस." पुढे कितीतरी दिवस दीर वहिनीच्या नजरेला नजर देत नव्हता.

लग्नाला ती गेली नाही. पाहुणे घरी भेटायला आले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कसलं गं ऑपरेशन?"

"पोटाचं," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"मूळव्याधीचं," ती खाटेवरून म्हणाली.

कुणी पंख्याकडे पाहिलं, कुणी आपल्या पायांकडे. एकीने तोंडाला रुमाल लावला. सासूबाईंचा चेहरा लाल झाला आणि त्या उठून आत गेल्या. हृदयाचं, डोळ्याचं, गुडघ्याचं ऑपरेशन आपण सगळ्यांना कौतुकाने सांगतो. मग देहाच्या याच भागाने असं काय पाप केलंय, की त्याच्यापायी बायकांनी रक्त वाहू द्यावं आणि वर हसावं?

पाहुणे लवकरच उठले. काकू मात्र चपला घालता घालता थांबल्या. इकडे तिकडे बघून परत आत आल्या आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "फार दुखतं का गं?"

तिने सरकून त्यांना खाटेवर जागा करून दिली.

"बसा काकू. आणि मोठ्याने विचारा."