सांधेवालीला बाजूला करू नका

मित्रांनो, मी बोस्नियाच्या डोंगरातल्या एका कोळशाच्या खाणीत आजही राबणारे म्हातारे वाफेचे इंजिन आहे. माझ्या जातीची फार थोडी इंजिने आता कामावर आहेत. म्हणून देशोदेशीचे लोक कॅमेरे घेऊन मला पाहायला येतात. त्याचे मला कौतुक वाटायचे. आता मात्र संताप येतो, आणि तो का येतो तेच सांगायचे आहे.

सावा नदीकाठच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पहिल्या दिवसापासून मी कोळशाच्या वाघिणी ओढतो आहे. युद्धाच्या हिवाळ्यांत डिझेलचा थेंब मिळत नव्हता, तेव्हा खाणीचाच कोळसा खाऊन मी गावाच्या चुली पेटत्या ठेवल्या. तेव्हा सगळे माझ्या बॉयलरवर हात ठेवून शाबासकी देत. पुढे कोणी साधे पुसायलाही येईना. मला जपले ते दोघांनीच, ड्रायव्हर मेवलुदिनने आणि रुळांचे सांधे बदलून मला वाट करून देणाऱ्या वास्वियाने.

वळणावरच्या सांध्याचा दांडा अडकवून ठेवणारी कळ झिजली होती. दांडा ओढून त्यावर पाय रोवून उभे राहावे लागे, नाहीतर धक्क्याने सांधा उघडत असे. नवी कळ द्या म्हणून वास्विया दोन वर्षे कचेरीत सांगत होती. कचेरी ऐकत होती, एवढेच.

गेल्या शरदात पाहुण्यांची एक टोळी आली. त्यांचा वाटाड्या डामिर वास्वियाला म्हणाला, "ताई, जरा बाजूला होता का? तुमचं केशरी जाकीट फोटोत येतंय."

"मी बाजूला झाले तर इंजिनही बाजूला होईल," ती म्हणाली.

डामिर हसला. त्याला ती थट्टा वाटली. खाणीचे साहेब मात्र हसले नाहीत. "पाहुण्यांसमोर वाद नको. खोपटामागे जा," त्यांनी हात करून फर्मावले. तिने कळीबद्दल पुन्हा सांगितले. साहेबांनी पुन्हा हात केला. ती गेली.

वळणाअलीकडून मेवलुदिनला यातले काहीच दिसत नव्हते. मी पाहुण्यांना हवा तसा काळा धूर सोडत आलो. दांड्याजवळ कोणी नाही हे पाहून त्याने ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. सांधा उघडला आणि माझी पुढची चाके खडीत उतरली. मेवलुदिनचे कपाळ फुटले. वास्विया धावत आली आणि डोक्यावरचा रुमाल सोडून तिने त्याची जखम बांधली. पाहुण्यांचे कॅमेरे मात्र चालूच होते.

संध्याकाळी साहेबांनी अहवाल लिहिला, 'सांधेवाली जागेवर नव्हती.' तिला घरी बसवले.

"तिला जागेवरून कोणी हलवलं तेही लिहा," मेवलुदिन म्हणाला.

"तू ड्रायव्हर आहेस, वकील नाहीस."

"मग ड्रायव्हरचं ऐका. ती येईपर्यंत मी इंजिन पेटवत नाही."

जॅक लावून मला रुळावर चढवले, पण माझी भट्टी थंडच राहिली. दोन दिवस भरलेल्या वाघिणी जागच्या हलल्या नाहीत. साहेबांनी दुसरा ड्रायव्हर शोधला. मेवलुदिनच्या कपाळावरच्या त्या रुमालाकडे पाहून कोणी पुढे आले नाही.

तिसऱ्या दिवशी त्या टोळीतला एक वयस्क पाहुणा परत आला. त्याच्या कॅमेऱ्यात एक फोटो होता. त्यात साहेबांचा खोपटाकडे केलेला हात होता आणि पाठ फिरवून निघालेली वास्विया होती. 'बाई मध्ये आली म्हणून हा फोटो पुसणार होतो,' असे त्याने मान खाली घालून सांगितले.

तो फोटो त्याने कचेरीत दाखवला, आणि वास्विया कामावर परतली. नवी कळही बसली. तिची माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही. साहेबांच्या खोलीत माझा एक मोठा फोटो लावला आहे. त्यात भरपूर धूर आहे, लांबच लांब रूळ आहेत, आणि माणूस एकही नाही. जणू मी इतकी वर्षे आपोआपच चालत होतो.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर नुसता रंग लावून भागणार नाही. मला चालवणारी माणसे आधी जपा. मला पाहायला जरूर या. आल्यावर सांध्याजवळच्या बाईला नमस्कार करा, तिचे नाव विचारा, आणि तिच्या जागेवर तिला उभी राहू द्या. तिने हिरवा झेंडा दाखवला की मी येतोच.