होडीच्या ओट्याखालचा पायपंप

मित्रांनो, मी एक जुना पायपंप आहे. थांबा, सायकलच्या चाकात हवा भरणारा तो मी नव्हे! त्याचे काम हवेचे, माझे पाण्याचे. मी एका शिडाच्या होडीत, स्वयंपाकाच्या ओट्याखाली, अगदी फळ्यांलगत बसतो. ओट्यापुढे उभे राहून पायाने माझी पट्टी दाबली, की टाकीतले गोडे पाणी नळीतून वर चढते आणि नळातून बेसिनमध्ये पडते. होडी हिंदकळत असताना एका हाताने कठडा धरावा लागतो आणि दुसऱ्या हाताने पातेले. अशा वेळी पायाच्या इशाऱ्यावर पाणी देणारा माझ्यासारखा दुसरा कोण? मला थोडी बढाई मारायची सवय आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

माझा जन्म एका धुरकट कारखान्यात झाला. माझे पोट पितळेचे. त्यात पाणी आत घेणारी एक झडप आणि बाहेर सोडणारी दुसरी. या दोघींच्या मध्ये रबराचा एक गोल पडदा. पट्टी दाबली की पडदा हलतो आणि मी ‘चक्-फुस्स’ असा आवाज काढतो. तो आवाज मला फार आवडतो. कारखान्यातल्या तपासनिसाने मला दाबून पाहिले आणि मान डोलावली, तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले होते.

तिथून मी या होडीत आलो. होडीच्या मालकीणबाई बंदरावर शिडे शिवायचे काम करायच्या. धक्क्यावरच्या एका लांबलचक खोलीत त्यांचे शिवणयंत्र दिवसभर खडखडत असे. लोक त्यांना कप्तानबाई म्हणत. सुट्टी मिळाली की त्या होडी काढून खाडीच्या तोंडापर्यंत जात, संध्याकाळी परत येत. परतताना मात्र त्यांचे डोळे मागेच असत. खाडीच्या तोंडाशी पाणी एकदम निळे होते, तिथून पुढे मोठा समुद्र आणि त्यापलीकडे दुसरा किनारा. चहाची भांडी विसळताना त्या स्वतःशीच म्हणत, “एकदा तरी पलीकडे जायचंच.” त्यांचा पाय माझ्यावर असे, त्यामुळे ते पहिल्यांदा मलाच ऐकू येई. हळूहळू मलाही त्या पलीकडच्या किनाऱ्याचे वेड लागले.

वर्षे गेली. कप्तानबाईंनी आपले शिडांचे दुकान विकले आणि एके दिवशी ओट्यापाशी उभ्या राहून जाहीर केले, “यंदा जायचं!”

मी आनंदाने पितळेतल्या पितळेत उडालो. पण त्यांची लेक तिथेच बसली होती. ती लोकांना सांधेदुखीवरचे व्यायाम शिकवते आणि आईच्या गुडघ्यांवर तिचा बारीक डोळा असतो.

ती म्हणाली, “आई, तू एकटी जायची नाहीस. मी आणि तुझा जावई, आम्ही दोघंही येणार. पण आधी दोन दिवसांची एक फेरी मारून बघायची. त्यात काही मोडलं आणि ते आपल्याला तिथल्या तिथे दुरुस्त करता आलं नाही, तर मोठ्या प्रवासाचं पुन्हा नाव काढायचं नाही. कबूल?”

“कबूल! पण सगळं नीट झालं तर तूही नाक मुरडायचं नाहीस हं,” कप्तानबाई म्हणाल्या.

झाले! होडीत नुसती धमाल सुरू झाली. जावईबापूंचे चष्म्याचे दुकान आहे, पण अंगात उत्साह असा, की त्यांनी पाण्याचे सगळे काम आपल्याकडे घेतले. टाकीचे झाकण उघडून ते आत डोके घालून घासत बसले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. टाकीच्या तळाशी साचलेला गाळ निघाला. जुन्या नळ्या कापल्या, तर आतून हिरव्यागार! “आणि हे पाणी मी इतकी वर्षं प्यायले?” कप्तानबाई कपाळाला हात लावून हसल्या. त्यांच्या जागी पांढऱ्या शुभ्र नळ्या आल्या, पाणी गाळायची डबी आली. नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, जास्तीच्या पाण्यासाठी मऊ पिशवीसारखी दुसरी टाकी आली. ती भरून ठेवली, पण नव्या पंपाला जोडायला लागणारा एक तुकडा दुकानात संपला होता, म्हणून तिची नळी तशीच तोंड बांधून ठेवली.

आणि मग आला विजेचा पंप. चकचकीत, काळा, ऐटबाज. नळ उघडला की आपोआप सुरू, नळ मिटला की आपोआप बंद. पायाची गरजच नाही! जावईबापूंनी माझे स्क्रू काढले, तेव्हा माझे धाबे दणाणले.

“हा भंगारात देऊ का?” त्यांनी विचारले.

“राहू द्या हो. दोरांच्या कप्प्यात ठेवा. तो काय जेवायला मागतोय?” कप्तानबाई म्हणाल्या.

मी दोरांच्या वेटोळ्यांत जाऊन पडलो आणि त्या काळ्याला पाण्यात पाहू लागलो. होडी मोठ्या समुद्रात जाणार आणि मी अडगळीत! मला फार वाईट वाटले. माझा रबरी पडदा त्या कोरड्या कप्प्यात वाळत चालला होता, हे तर कुणाच्या गावीही नव्हते.

आता या घरातली एक गंमत सांगतो. इथे एकाने बंद केलेली वस्तू दुसऱ्याला बंद वाटतच नाही. एकाने नळ मिटला की मागून येणारा तो अजून थोडा पिळतो. मुरंब्याची बरणी उघडायला यांच्याकडे दोन माणसे लागतात. जावईबापू बाहेरून आलेले, पण त्यांनाही हा गुण लागलाच. नव्या पंपाच्या जोडणीला प्लास्टिकची चाकी होती. ती फक्त हाताने आवळायची असते. जावईबापूंनी हाताने आवळली आणि मग पान्याने जराशी पिळली. जाता जाता लेकीने अजून एक पीळ दिला. शेवटी कप्तानबाई आल्या. “निघाल्यावर कटकट नको,” असे म्हणत त्यांनी दात-ओठ खाऊन शेवटचा पीळ दिला. कप्प्याची फळी उघडी होती. चाकीला केसाएवढी चीर गेलेली मला दिसली, पण मी ओरडणार कसा?

फेरीचा दिवस उजाडला. काय वारा होता, मित्रांनो! शीड टम्म फुगले, होडी कलली आणि खाडीचे तोंड ओलांडून निळ्या पाण्यात शिरली. वर तिघेही वेड्यासारखा आरडाओरडा करत होते. खाली मात्र लाटांच्या दणक्यांनी चाकीची चीर वाढत गेली आणि पाणी गळू लागले. काळ्याला वाटले, कुणीतरी नळ उघडला! तो बिचारा इमानदारीने सुरू झाला आणि थांबेचना. लाटांच्या गोंगाटात त्याची घरघर कुणाला ऐकू आली नाही. त्याने आख्खी टाकी होडीच्या तळात ओतली, मग कोरडाच फिरत राहिला आणि शेवटी जळल्याचा वास सोडून गप्प झाला.

लेक चहा करायला खाली आली. नळातून थेंबही पडेना. तिने पायाखालची फळी उचलली तर खाली पाणीच पाणी! तिची हाक ऐकून जावईबापू धावत आले, त्यांनी बोट बुडवून चाटले आणि ओरडले, “गोडं आहे! समुद्राचं नाही, होडी बुडत नाहीये!” सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरला. “अरे देवा, म्हणजे हे आपलं पिण्याचं पाणी!”

बाटल्यांतले पाणी होते, तहानेची भीती नव्हती. भीती निराळीच होती. लेक हळूच म्हणाली, “आई, ठरलं होतं ना आपलं? फिरवूया होडी.”

कप्तानबाई पायरीवर बसल्या. इतकी वर्षे ज्या किनाऱ्याची वाट पाहिली, तो एका प्लास्टिकच्या चाकीपायी निसटत होता. मला रडू आले. मग त्या ताडकन उठल्या.

“तिथल्या तिथे दुरुस्त झालं नाही तर, असं ठरलं होतं. अजून मी हात कुठे लावलाय? अंधार पडायच्या आत या नळाला पाणी आणते. नाही आलं, तर सुकाणू मीच फिरवीन.”

नाळेतली पिशवी भरलेली होतीच. प्रश्न होता पाणी खेचणाऱ्याचा. कप्प्याची फळी उघडली आणि दोरांतून कप्तानबाईंचा हात थेट माझ्यावर आला! मला इतका आनंद झाला, की काय सांगू. पण त्यांनी मला दाबले आणि माझ्यातून नुसती शीळ निघाली. त्यांनी माझे पोट उघडले. पडदा फाटला होता. जादा रबर होडीत कुठेच नव्हते.

“माझी गरम पाण्याची पिशवी आण,” कप्तानबाई लेकीला म्हणाल्या.

“गुडघे दुखतायत का गं?”

“गुडघे ठणठणीत आहेत. पिशवी आण आणि कात्री आण!”

शिडांच्या जाड कापडावर आयुष्यभर चाललेली ती कात्री रबरावर अशी फिरली, की मी बघतच राहिलो. फाटका पडदा त्या रबरावर ठेवून त्यांनी नवा बेतला. स्क्रूंची भोके शिवणाच्या टोच्याने पाडली. होडी डुचमळत होती, पण जावईबापूंनी चष्मे दुरुस्त करणाऱ्या हातांनी माझे बारीक स्क्रू एकही न सांडता बसवले. नाळेतल्या पिशवीची नळी त्या तुकड्याशिवाय थेट माझ्याच तोंडाला जोडून झाली. सवयीने लेकीचा हात पान्याकडे गेला, तशी कप्तानबाईंनी तिच्या हातावर चापट मारली. “हाताने! आणि एकदाच!”

मग लेकीने माझ्या पट्टीवर पाय ठेवला. चक्-फुस्स. हवा. चक्-फुस्स. पुन्हा हवा. मी सगळा जीव एकवटला. चक्-फुस्स, नळ ठसकला, थुंकला आणि पाण्याची धार खळकन बेसिनमध्ये पडली! जावईबापूंनी शिट्टी मारली. लेक आईच्या गळ्यात पडली. “आता मागे कशाला? पुढेच चल,” ती म्हणाली आणि हसता हसता रडू लागली.

आम्ही फेरी पूर्ण करून परतलो. काळ्याला नवी मोटर मिळाली आणि ओट्यापासून हलताना त्याचे बटण बंद करायचे ठरले. माझी आपल्या जागी पुन्हा स्थापना झाली, कारखान्याचा नवाकोरा पडदा मिळाला आणि जादा म्हणून आणखी एक तेल लावून डब्यात ठेवला गेला. नाळेतल्या पिशवीतले पाणी आता माझ्याच ताब्यात आहे. काळ्याशीही माझे बरे जमते. तो जरा भाबडा आहे इतकेच.

आणि मित्रांनो, आम्ही मोठ्या प्रवासाला निघालो आणि आज सकाळी मागचा किनारा दिसेनासा झाला! चहूकडे नुसता समुद्र. कप्तानबाई एकट्याच खाली आल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी मला हळूच दाबले, माझ्या पाण्याने चेहरा धुतला आणि थोडा वेळ पाय तसाच माझ्यावर ठेवला.

तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी एखाद्या कप्प्यात पडला असेल. त्याला फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आतून तो बहुधा धडधाकट असतो, फक्त वाळलेला असतो. मी तर पुन्हा ओला झालो आहे आणि पलीकडचा किनारा अजून यायचा आहे!