पिवळ्याची प्रत

"रंगीत हिरा म्हणजे पृथ्वीच्या पोटातलं सत्य! आणि सत्य ओळखायला नजर लागते, नजर!" कामाला निघालेले रंगमास्तर दारात उभे राहून म्हणाले.

"ती नजर जरा पायांकडे टाका," बायको म्हणाली. "एक मोजा काळा, एक निळा."

मास्तरांनी खाली पाहिलं. "या उजेडात सांगता येणार नाही."

"मला येतंय ना. बदला."

हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रंगाची प्रत ठरवता ठरवता त्यांना 'रंगमास्तर' हे नाव पडलं होतं. शुद्ध हिऱ्याला रंगच नसतो, हे ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. कार्बनमध्ये नायट्रोजन घुसला की हिरा पिवळा, बोरॉन शिरला की निळा, स्फटिकाची घडी मुरगळली की गुलाबी. थोडक्यात, आत काहीतरी बिघडल्याशिवाय रंग चढत नाही, आणि बिघाड जितका गर्द तितका भाव जास्त. माणसांचं गणित उलटं असतं. पण माणसं मास्तरांच्या खात्यात येत नव्हती.

प्रयोगशाळेचा नियम साधा होता. ठरलेला पांढरा दिवा, मागे करडी पाटी आणि विश्रांती घेतलेले डोळे. यातलं एक जरी नसलं तरी रंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बाकीच्यांनी हा नियम कामापुरता पाळला. मास्तरांनी त्याचा संसार केला. टोमॅटो पिकलाय का विचारलं तरी ते तोंड उघडत नसत. डोळ्यांना आराम म्हणून घरात जाड पडदे आणि एकच मिणमिणता पिवळा बल्ब. तुमच्याकडे आलं की झोप येते, असं पाहुणे म्हणत. मास्तर ती दाद समजत.

त्याच बल्बखाली एका संध्याकाळी बायकोनं विचारलं, "अहो, माझे डोळे पिवळे दिसतात का?"

"या उजेडात सांगता येणार नाही."

"मग येईल त्या उजेडात बघा की. अंगाला सारखी खाज सुटते. जेवणही जात नाही."

"रविवारी खिडकीपाशी बघू."

रविवारी मास्तर डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडून राहिले. सोमवारी एक मोठा पिवळा खडा तपासायला येणार होता. तो आला. मास्तरांनी तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला आणि 'गर्द' अशी प्रत दिली. साहेबांनी पाठ थोपटली. बायकोनं पुन्हा विचारलं नाही. एकच गोष्ट दोनदा विचारायची सवय तिची लग्नानंतर मोडली होती.

पुढे लेक माहेरी आली. आत येताच तिनं पडदा सरकवला आणि जागीच थबकली.

"आई! अगं, काय हे! केवढी पिवळी पडलीयस! बाबा, तुम्ही रोज हिच्यासमोर बसता ना?"

"तो बल्ब पिवळा आहे बेटा, त्यामुळे..."

"मग बल्ब बदलायचा ना!"

हे मास्तरांना खरोखरच कधी सुचलं नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलल्या. "पित्ताच्या नळीजवळ गाठ आहे. पसरलीय. थोडं आधी आला असता तर..." बाई मास्तरांकडे वळल्या. "डोळे कधीपासून पिवळे दिसतायत?"

पण उत्तर खाटेवरून आलं.

"त्यांना कसे दिसणार? आमच्या घरात उजेड नसतो."

डॉक्टरीणबाई गेल्या. लेक औषधं आणायला गेली. मास्तरांनी वर पाहिलं. पांढराशुभ्र दिवा. मागे करडी भिंत. सगळं नियमाप्रमाणे. ते खड्यावर वाकत तसे बायकोच्या चेहऱ्यावर वाकले. प्रत ठरायला क्षणही लागला नाही.

"दिसतंय गं," ते म्हणाले. "आता सगळं स्पष्ट दिसतंय मला. मी तुला कधी..."

"बरं झालं," ती डोळे मिटत म्हणाली. "आता तो दिवा तेवढा बंद करा. डोळ्यांवर येतोय."