तीन गावांचा एक टेम्पो

इस्पितळाच्या स्वयंपाकघराला रोज ताजी भाजी हवी होती, पण एकट्या आत्याच्या मळ्यातून ती पुरणार कशी? आत्याने कंबर कसली आणि शेजारच्या दोन्ही गावांतले शेतकरी गोळा केले. नदीपलीकडच्या व्याह्यांशी तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, तरी ती त्यांच्याही दारात गेली.

"गाजरं तुमची, कोबी माझा. भांडू सवडीने!"

व्याही खो खो हसले आणि तयार झाले.

पहिल्याच सकाळी टेम्पो शिगोशीग भरून इस्पितळाच्या मागच्या दाराशी लागला. आचारीणबाईंनी एक गाजर कट्‌कन मोडून चाखलं. आत्याचा जीव टांगणीला लागला.

"उद्या दुप्पट आणाल?"

"आणू की!" आत्या आणि व्याही एकदमच ओरडले. आत्याला आनंद पोटात मावेना.